वीतभर कॅपलिन आणि तीस टनांचा देवमासा: हिशोब जुळतो कसा?

सुलभा_डोंबिवली

मुलगी कॅनडात न्यूफाउंडलंडमधल्या सेंट जॉन्सला शिकते. या जुलैत तिच्याकडे जाऊन आले. एका संध्याकाळी ती मला शहराबाहेरच्या मिडल कोव्ह किनाऱ्यावर घेऊन गेली. तिथे वाळू कमीच, सगळे गोल गुळगुळीत गोटे. प्रत्येक लाटेसरशी वीतभर लांबीचे चंदेरी मासे शेकड्यांनी बाहेर येऊन पडत होते आणि वळवळत होते. माणसं गमबूट घालून बादल्या भरत होती, लहान मुलं नुसत्या हातांनी मासे धरत होती. तेवढ्यात आरडाओरडा झाला म्हणून बघितलं, तर किनाऱ्यापासून अगदी हाकेच्या अंतरावर देवमाशाची काळी पाठ! मागे कड्याजवळ पक्ष्यांची नुसती झुंबड.

मी शाळेत विज्ञान शिकवते. अन्नसाखळी दरवर्षी फळ्यावर काढते, पण ती अशी एका नजरेत कधी बघितली नव्हती. तेव्हापासून डोक्यात प्रश्न घोळताहेत. एवढं प्रचंड जनावर एवढ्याशा माशांवर कसं पोसलं जातं? त्याला मोठे मासे मिळत नाहीत का? हे मासे किनाऱ्यावर मरायला का येतात? आणि लोक बादल्या भरभरून नेतात, त्यानं पक्ष्यांच्या तोंडचा घास जात नाही का? तिथले एक आजोबा म्हणाले, "पूर्वीच्या मानानं हे काहीच नाही." त्यात तथ्य आहे का? त्या भागातलं कुणी असेल तर जरूर लिहा.

वेंगुर्लेकरीण

सुलभाताई, तुम्ही नशीबवान. कॅपलिन (तुम्ही बघितलेले ते चंदेरी मासे) कोणत्या दिवशी वर येतील ते इथले जुनेजाणतेसुद्धा ठामपणे सांगत नाहीत, आणि तुम्हाला मासे, पक्षी, देवमासा सगळं एकाच संध्याकाळी दिसलं.

मी मूळची वेंगुर्ल्याची. गेली बरीच वर्षं इथे कन्सेप्शन बेच्या काठी एका फिश प्लांटमध्ये क्वालिटी कंट्रोलला आहे. रापणीला (किनाऱ्यावरून ओढायच्या मोठ्या जाळ्याला) पेडवे, म्हणजे छोटे मासे, लागले की वर कुरव या समुद्रपक्ष्यांचा कालवा सुरू व्हायचा, ते बघत मोठी झाले, त्यामुळे लहान माशांमागे बाकीचं जग धावतं हे मला नवीन नव्हतं. पण इथे ते ज्या प्रमाणात चालतं ते बघून मी पहिल्या वर्षी थक्क झाले होते. उत्तर लांबणार आहे, सांभाळून घ्या.

आधी मासा ओळखून घेऊ. ताजा कॅपलिन नाकाशी धरला तर चक्क काकडीचा वास येतो. नराच्या दोन्ही कुशींवर लांबलचक खवल्यांची उंच, खरखरीत पट्टी असते, बोट फिरवलं की लगेच कळते. मादी गुळगुळीत आणि पोट गाबोळीनं (अंड्यांनी) टम्म. ते मरायला येत नाहीत, अंडी घालायला येतात. मादी मध्ये आणि दोन्ही बाजूंना एकेक नर (कधी एकच) असे लाटेबरोबर वर चढतात. त्या खरखरीत पट्ट्यांमुळे मादी दोघांमध्ये घट्ट धरली जाते, आणि पाणी मागे फिरायच्या आत काही सेकंदांत सगळं उरकतं. अंडी चिकट असतात, गोट्यांना आणि जाड रेतीला धरून बसतात. बहुतेक नर यानंतर मरतात, मृत मासे दिसतात ते त्यामुळे.

पुढची गोष्ट तुमच्या विद्यार्थ्यांना नक्की सांगा. पाण्याच्या तापमानाप्रमाणे दोन-तीन आठवड्यांत अंडी फुटतात, पण पिल्लं लगेच निघत नाहीत, गोट्यांच्या फटींत दबून राहतात. वारा फिरून समुद्राकडून किनाऱ्याकडे वाहायला लागला की वरचं कोमट पाणी किनाऱ्याला येतं, आणि सगळी पिल्लं एकदम बाहेर पडतात. त्या पाण्यात त्यांचं खाद्य जास्त आणि त्यांना खाणारे कमी असतात. वारा फिरायला उशीर झाला तर आतल्या आत पिल्लांची ताकद संपत जाते. म्हणजे पुढच्या दोन-तीन वर्षांनी किती कॅपलिन येणार, हे काही अंशी त्या पंधरवड्यातला वारा ठरवतो. १९८०च्या सुमाराला इथल्याच किनाऱ्यांवर हे अभ्यासून सिद्ध झालं आहे.

आता तुमचा मुख्य प्रश्न. माल आला की मी प्रत्येक लॉटमधले थोडे मासे घेऊन अंगठ्यानं पोट उघडून बघते. कधी कधी आत तांबडालाल लगदा निघतो. धंद्यात त्याला रेड फीड म्हणतात. असा मासा पोटाकडून लवकर फुटतो, म्हणून गिऱ्हाईक घेत नाही. तो लगदा म्हणजे कॅलॅनस, कोळंबीच्या नात्यातले दोन-तीन मिलिमीटरचे जीव. वसंतात बर्फ मागे हटलं आणि ऊन आलं की समुद्रात सूक्ष्म शेवाळाचा बहर येतो. तो बहर खाऊन कॅलॅनस अंगात तेल साठवतात. कॉडसारख्या मोठ्या माशाला नि पफिनसारख्या समुद्रपक्ष्याला हे एवढेसे दाणे टिपत बसणं परवडणारं नाही. कॅपलिनला परवडतं. तो अब्जावधी दाणे गोळा करून त्यांचं तेल स्वतःच्या अंगात भरतो आणि मग पक्ष्याला चोचीत, देवमाशाला घोटात घेता येईल अशा रूपात समोर येतो.

मोठे मासे का खात नाहीत याचं उत्तर तुमच्या फळ्यावरच आहे. दर पायरीला साधारण दहावा हिस्सा पुढे सरकतो. कॅपलिन खाऊन वाढलेला कॉड खायचा तर नऊ हिस्से वाटेत गेलेलेच. शिवाय कॉड पांगून राहतो, कॅपलिन दाट थव्यानं. हंपबॅकला, म्हणजे इथे येणाऱ्या या देवमाशाला, दात नाहीत. तो थव्याखालून येऊन जबडा पसरतो, पाण्यासकट मासे घेतो आणि तोंडातल्या झालरीतून पाणी बाहेर ढकलतो. थवा दाट असला तरच ही मेहनत फळते. दिवसाला टनभर किंवा त्याहून जास्त खाणं लागतं. कॅपलिन सरासरी पंचवीस ग्रॅमचा धरा, म्हणजे टनाला चाळीस हजार मासे झाले. हे देवमासे हिवाळ्यात कॅरिबियनमध्ये, डॉमिनिकन रिपब्लिकच्या बाजूला पिल्लं द्यायला जातात, आणि तिकडे जवळपास उपाशीच असतात. वर्षभराची चरबी इथल्या उन्हाळ्यातच कमवायची असते. म्हणून तो मिडल कोव्हला अगदी गोट्यांपाशी आला होता.

या समुद्राचा आकार डमरूसारखा आहे असं समजा. खाली प्लवकाचे (पाण्यात तरंगणाऱ्या बारीक जीवांचे) असंख्य प्रकार, वर कॉड, सील, देवमासे आणि पफिन, गिलेमॉट, गॅनेट हे समुद्रपक्षी अशी भली मोठी गर्दी, आणि मध्ये बारीक कंबर: दोन-तीन जातींचे मासे. इथे त्यातला मुख्य कॅपलिन. खाली काय पिकलं ते वर पोचायचं तर या कंबरेतूनच जावं लागतं.

पक्ष्यांचं गणित जास्त नाजूक आहे. तुमच्या लेकीला सांगा, दक्षिणेला तासाभराच्या आत विटलेस बे आहे, तिथल्या बेटांवर पफिनच्या २,६०,००० हून अधिक जोड्या घरटी करतात. उत्तर अमेरिकेतली ही त्यांची सर्वांत मोठी वसाहत. पफिन जमिनीत बीळ करतो आणि वर्षाला एकच अंडं घालतो. त्याच्या टाळ्याला मागे वळलेले बारीक काटे असतात, त्यांच्यात नि जिभेत पकडलेले मासे अडकवून तो पुढचा मासा धरायला चोच उघडू शकतो. म्हणून दहा-दहा मासे आडवे लटकवून आणतो. गिलेमॉटला ही सोय नाही. तो एका खेपेला एकच मासा, लांबीला धरून आणतो. त्या एका माशासाठी कितीतरी किलोमीटर उडायचं आणि शंभर मीटरही खोल बुडी मारायची. मासा रोडावलेला निघाला तर मेहनत तेवढीच आणि पिल्लाला मिळालं अर्धं. मासे किती, एवढं मोजून भागत नाही. ते केव्हा आले, कुठे आले आणि अंगात तेल किती, हे पक्ष्याच्या दृष्टीनं तितकंच मोठं.

आता ते आजोबा. त्यांचं खरं आहे. १९९०-९१ मध्ये इथला कॅपलिन एकाएकी कोसळला. मासे आकारानं लहान झाले, आणि जूनमध्ये किनाऱ्याला लागायचे ते कितीतरी वर्षं जुलैत यायला लागले. त्या सुमाराचं पाणी फार थंड होतं, बर्फ हटायची वेळ बदलली आणि बहराचं वेळापत्रक बिघडलं, हे मुख्य कारण मानलं जातं. पाठोपाठ २ जुलै १९९२ ला कॉडच्या मासेमारीवर बंदी आली आणि तीस हजारांच्या आसपास माणसं एका फटक्यात बेकार झाली. कॉड संपला तो मुख्यतः बेसुमार मासेमारीनं, पण नंतरची तीस वर्षं तो सावरला नाही त्याचं एक मोठं कारण, त्याला खायला पुरेसा कॅपलिन नव्हता. कॉडची ती बंदी २०२४ मध्ये उठवली. कॅपलिन मात्र जुन्या पातळीला अजून आलेला नाही, म्हणून बंदी उठवणं ही मला घाई वाटते.

त्याच्याही आधी, १९७०च्या दशकात, परदेशी ट्रॉलर (ओढजाळ्याच्या मोठ्या बोटी) खोल समुद्रात कॅपलिन उपसत होते. तिकडचं खाणं आटलं तसे हंपबॅक किनाऱ्याकडे सरकले आणि कोळ्यांच्या कॉडच्या जाळ्यांत अडकायला लागले. कोळ्याचं वर्षाचं जाळं फाटायचं, देवमासा बुडून मरायचा, दोघांचंही वाटोळं. इथल्या मेमोरियल विद्यापीठाचे जॉन लीन छोट्या होडीतून जाऊन हे देवमासे सोडवायला लागले. पाचशेहून जास्त देवमासे त्यांनी जिवंत सोडवले आणि कोळ्यांची जाळीही वाचवली. त्यांच्याबद्दल इथल्या वाड्यावस्त्यांवर माणसं आजही गहिवरून बोलतात.

बादल्यांची काळजी करू नका. लोक ते खारवून फळ्यांवर वाळवतात, तळतात, काही जण बटाट्याच्या वाफ्यात खत म्हणून घालतात. एकूण हिशोबात ते नगण्य. माझी काळजी आमच्याच धंद्याची आहे. अलीकडच्या वर्षांत व्यापारी कोटा साडेचौदा हजार टनांच्या आसपास असतो, आणि पैसा आहे तो गाबोळीवाल्या मादीला. जपानला जातात त्या. सुशीवर नारिंगी बारीक दाणे असतात ना, ते बऱ्याचदा कॅपलिनची गाबोळी. कॉड, सील हे मिळून खातात त्यापुढे हा आकडा लहान आहे, हे मान्य. पण आपण नेमकी अंडी घालायच्या आधीची मादी उचलतो, तीही साठा दुबळा असताना. माझा पगार याच माशावर चालतो, आणि तरीही सांगते, वाईट वर्षी कोटा कमी करायला कुणी कचरू नये. आधी कॉडचा, पक्ष्यांचा, देवमाशांचा वाटा बाजूला काढावा, मग आपला.

ग्रॅनाइटच्या_गावी

वरचा प्रतिसाद फार सुंदर. मी स्कॉटलंडमध्ये ॲबर्डीनला राहतो. आमच्याकडे कॅपलिनच्या जागी सँडईल. नावात ईल असली तरी हा वाम नव्हे, बोटभर लांबीचा, सुईसारखा निमुळता मासा. तो रात्रभर आणि जवळजवळ अख्खा हिवाळा समुद्रतळाच्या रेतीत पुरून घेतो. वसंतात दिवसा बाहेर येऊन कॅलॅनस खातो, आणि जुलैच्या सुमाराला मोठे सँडईल पुन्हा रेतीत जातात. पक्ष्यांनी पिल्लं वाढवायची ती याच खिडकीत. मिंकी देवमासेही इथे मुख्यतः त्याच्यावरच.

स्टोनहेवनजवळ फाउल्सह्यू नावाचा कडा आहे, मे-जूनमध्ये मी तिथे जातोच. गिलेमॉट आणि किटीवेक इतके दाटीनं बसलेले असतात की वासानंच कडा आधी कळतो. किटीवेक हा नाजूक कुरव. त्याला बुडी मारता येत नाही, वरच्या हातभर पाण्यात जे येईल तेच त्याचं. त्यामुळे सँडईल कमी झाले की पहिला फटका त्यालाच.

२००४ हे वर्ष इथले पक्षीवाले विसरत नाहीत. उत्तर समुद्राच्या कितीतरी वसाहतींमध्ये त्या वर्षी पिल्लं जवळजवळ जगलीच नाहीत. आयल ऑफ मे बेटावर गिलेमॉट मासे आणत होते, पण तपासल्यावर त्यांत तेल फारच कमी निघालं. पुढच्या दोन-तीन वर्षांत स्नेक पाइपफिश नावाचा मासा अचानक वाढला आणि पक्षी तोच पिल्लांना भरवायला लागले. तो म्हणजे नुसती हाडाची काडी, पिल्लाला गिळता येत नाही. बिळांत न खाल्लेल्या काड्यांचे ढीग सापडले, काही पिल्लं तर घशात अडकून मेली.

आणि इथे हा मासा माणूस खातही नाही! मुख्यतः डॅनिश बोटी तो पकडतात, त्याचं पीठ आणि तेल होतं, आणि ते सामन माशांच्या शेतीला आणि डुकरांना जातं. स्कॉटलंडच्या पूर्व किनाऱ्यालगतचा एक पट्टा २००० मध्ये बंद केला, त्यानंतर तिथल्या किटीवेकच्या पिल्लांचं प्रमाण मासेमारीच्या वर्षांपेक्षा चांगलं राहिलं. मार्च २०२४ पासून ब्रिटननं उत्तर समुद्रातलं इंग्लंडचं पाणी आणि स्कॉटलंडचं सगळं पाणी सँडईलसाठी बंद केलं. युरोपीय संघ लवादाकडे गेला. मे २०२५ मध्ये निकाल लागला: बंदीमागचं शास्त्र ग्राह्य धरलं गेलं, इंग्लंडच्या पाण्यापुरता मात्र बोटींच्या हक्कांचा पुरेसा विचार झाला नाही असा ठपका आला. बंदी टिकली. मला त्या दिवशी खरोखर आनंद झाला.

पाणथळ_नाशिक

नांदूर मध्यमेश्वरला पक्षी बघणारा मी, समुद्रपक्ष्यांशी ओळख वाचण्यातूनच. एक शंका मांडतो. २०१४ ते २०१६ मध्ये अलास्काजवळच्या पॅसिफिकमध्ये उष्णतेची लाट आली. २०१५-१६ च्या हिवाळ्याच्या आसपास ६२,००० गिलेमॉट मरून किनाऱ्याला लागले. २०२४ मध्ये आलेल्या अभ्यासानुसार एकूण मृत्यू चाळीस लाखांच्या घरात, म्हणजे अलास्कातले निम्मे. या पक्ष्याला रोज स्वतःच्या वजनाच्या निम्म्याहून जास्त खावं लागतं, तीन ते पाच दिवस उपास पडला की संपला. मुद्दा असा की तिथे कॅपलिन आणि सँड लान्स (सँडईलचाच भाऊबंद) यांची खास मासेमारी आधीपासूनच बंद होती. तरी हे झालं. मग कोटा, बंदी यांचा उपयोग काय? पाणी तापलं तर सगळंच व्यर्थ ना?

वेंगुर्लेकरीण

प्रश्न अगदी योग्य आहे. अलास्कात दोन्ही बाजूंनी कोंडी झाली. पाणी गरम झालं तसे लहान मासे घटले आणि रोडावले. त्याच वेळी कॉड, पोलॉक अशा मोठ्या माशांची भूक वाढली, कारण थंड रक्ताच्या प्राण्याला गरम पाण्यात जास्त खावं लागतं. उरलासुरला घास त्यांनी पळवला. तिथे जाळ्यांचा दोष नव्हता.

पण त्यावरून बंदी व्यर्थ ठरत नाही. नॉर्वेच्या उत्तरेच्या बॅरेंट्स समुद्रातलं उदाहरण घ्या. १९८०च्या दशकाच्या मध्यावर तिथला कॅपलिन कोसळला, त्यात निसर्गाचा आणि मासेमारीचा असा दोघांचा हात होता. १९८६ ते १९८७ या एका वर्षात बेअर आयलंडवरचे गिलेमॉट सुमारे ८५ टक्क्यांनी घटले. उपाशी सील नॉर्वेच्या किनाऱ्यावर आले आणि हजारोंनी जाळ्यांत मेले. नंतरही कॅपलिन तिथे दोनदा कोसळला, पण पक्ष्यांचे तेवढे हाल झाले नाहीत. त्या वेळी हेरिंगची पिल्लं आणि दुसरे लहान मासे हाताशी होते. पहिल्या वेळी हेरिंगही नव्हता, कारण १९६०च्या दशकात माणसानंच तो जवळजवळ संपवून ठेवला होता. निसर्गाचं वाईट वर्ष येणारच. त्या वर्षी दुसरा घास शिल्लक असतो की नसतो, ते आपल्या हातात असतं.

२०११ मध्ये जगभरातल्या सात सागरी परिसंस्था आणि समुद्रपक्ष्यांच्या चौदा जाती घेऊन एक अभ्यास झाला. लहान माशांचा साठा त्याच्या कमाल पातळीच्या तिसऱ्या हिश्शाखाली गेला की पिल्लांची संख्या घसरायला लागते, असं सगळीकडे आढळलं. अंटार्क्टिकापासून आर्क्टिकपर्यंत उंबरठा साधारण तोच. समुद्राचं तापमान बसल्या बैठकीत उतरवणं कुणाच्याच हातात नाही, पण हा तिसरा हिस्सा समुद्रात राहू देणं एका सरकारी सहीनं होतं. मी तरी त्यासाठी भांडत राहीन.

सुलभा_डोंबिवली

तुम्हा सगळ्यांचे मनापासून आभार. रेड फीडचा भाग मी नववीच्या वर्गात सांगणार आहे. मुलगी अजून दोन वर्षं तिथे आहे. तिला यात काही करता येईल का?

वेंगुर्लेकरीण

येईल की. कॅपलिन किनाऱ्याला लागलेले दिसले की ई-कॅपलिन नावाच्या संकेतस्थळावर जागा आणि तारीख नोंदवायची. सामान्य लोकांच्या या नोंदी संशोधकांना उपयोगी पडतात, कारण एवढ्या लांब किनाऱ्यावर रोज माणूस पाठवणं शक्य नाही.

दुसरं, ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये विटलेस बेला स्वयंसेवक रात्री पफिनची पिल्लं गोळा करतात. पिल्लं पहिल्यांदा बिळाबाहेर पडतात ती रात्री, आणि समुद्राऐवजी गावातल्या दिव्यांकडे उडत येतात. जमिनीवरून त्यांना पुन्हा उडता येत नाही. त्यांना डब्यात ठेवतात, वजन करतात, पायात कडं घालतात आणि सकाळी समुद्रावर सोडतात. कॅपलिन वेळेवर आणि भरपूर मिळाला असेल तर वजनातच दिसतं. आधी नाव नोंदवावं लागतं. त्या दिवसांत रात्री गाडी घेऊन त्या बाजूला गेली तर अगदी हळू चालवायला सांगा, पिल्लं सरळ रस्त्यावर बसलेली असतात.